ओळख किती वेळ टिकवायची?

वेबच्या मुळाशी असलेला एचटीटीपी हा नियमसंच माणसाला ओळखत नाही. ब्राउझरने एक पान मागितले, सर्व्हरने ते दिले, आणि तिथेच दोघांमधला व्यवहार संपला. तोच ब्राउझर पुढच्या सेकंदाला दुसरे पान मागायला आला, तरी सर्व्हरच्या लेखी तो पहिल्यांदाच दारात उभा असतो. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेब उभारले तेव्हा यात काही उणे नव्हते. तिथल्या शास्त्रज्ञांना एकमेकांचे दस्तऐवज वाचायचे होते, आणि वाचणारा कोण आहे हे विचारण्याचे कारण नव्हते. सर्व्हरला काहीच ध्यानात ठेवायचे नसल्यामुळे तो साधा राहिला, आणि साधेपणामुळेच तो कोणालाही उभारता आला. हा गुण मला आजही मनापासून आवडतो. म्हणूनच आमच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेब ॲप्लिकेशन लिहिण्यासाठीच्या तयार सांगाड्यात, सेशनची, म्हणजे आलेल्या माणसाची ओळख काही काळ ध्यानात ठेवण्याची, सोय घालायची ठरली तेव्हा पहिला विचार असा आला, की आपण सर्व्हरला जी आठवण देणार आहोत ती कमीत कमी असावी आणि ती कधी पुसायची हे आधी ठरवावे.

वेबवर वाचण्याखेरीज दुसरे काही करायचे म्हटले, की ओळखीची गरज पडते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांच्यापुढे हा प्रश्न आला तो एका दुकानाच्या निमित्ताने. एमसीआय या दूरसंचार कंपनीला वेबवर खरेदीची सोय उभारायची होती, पण ग्राहकांचे अर्धवट राहिलेले व्यवहार आपल्या सर्व्हरवर सांभाळत बसण्याची तिची तयारी नव्हती. मोंटुली यांनी जॉन जियानँड्रिया यांच्यासोबत त्यावर तोड लिहिली: सर्व्हरने उत्तरासोबत एक छोटी नोंद ब्राउझरकडे द्यावी, आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ती जशीच्या तशी परत आणावी. हीच कुकी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या नेटस्केपच्या चाचणी आवृत्तीत ती होती. तिचे रीतसर नियम १९९७ मध्ये, मग २००० मध्ये, आणि पुन्हा नीट तपासून २०११ मध्ये लिहिले गेले. या इतिहासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कुकीचा जन्मच 'हे सांभाळायचे कोणी' या प्रश्नातून झाला, आणि त्या वेळचे उत्तर होते, 'ग्राहकाच्या यंत्राने'. पुढे बहुसंख्य ठिकाणी हे उत्तर उलटे झाले. माहिती सर्व्हरने ठेवावी आणि ब्राउझरकडे फक्त खूण असावी, अशी रीत पडली. सेशन लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाला हा जुना प्रश्न नव्याने सोडवावा लागतो.

आमचे फ्रेमवर्क लहान आहे. जळगावात राहून पायथॉन या भाषेत काम करणाऱ्या आम्हा काही जणांनी ते आपल्याच भागातल्या कामांसाठी लिहिले. केळी उत्पादकांच्या एका गटाची नोंदवही, तालुक्याच्या गावातले एक सार्वजनिक वाचनालय, एक शिकवणी वर्ग, अशी ॲप्लिकेशन्स त्यावर चालतात. पत्त्यानुसार योग्य फंक्शन गाठणे, पाने मांडणे आणि डेटाबेसशी व्यवहार करणे एवढे ते करत असे. लॉगिनचा प्रश्न मात्र ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यावर सोडलेला होता, आणि प्रत्येकाने तो आपापल्या परीने सोडवला होता. एका ॲप्लिकेशनच्या कच्च्या आवृत्तीत सभासदाचा क्रमांकच कुकीत ठेवलेला होता, म्हणजे ब्राउझरमध्ये जाऊन ४१ च्या जागी ४२ लिहिले की शेजारच्या शेतकऱ्याचा हिशेब समोर येत असे. ते प्रत्यक्ष वापरात येण्याआधीच लक्षात आले, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. जे काम प्रत्येकाला करावेच लागते आणि जे चुकीचे करणे फार सोपे आहे, ते फ्रेमवर्कने आपल्या अंगावर घ्यायला हवे. ॲप्लिकेशन लिहिणारा केळीचा हिशेब जाणतो. त्याने सेशनची सुरक्षाही जाणावी अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

जागा शोधणे अवघड नव्हते. पायथॉनमध्ये सर्व्हर आणि ॲप्लिकेशन यांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचा करार २००३ मध्ये डब्ल्यूएसजीआय या नावाने मांडला गेला, आणि त्या करारातच दोघांच्या मध्ये बसणाऱ्या थराला, म्हणजे मिडलवेअरला, जागा दिलेली आहे. मागणी आत येताना या थराने कुकी वाचायची, तिच्यावरून सेशन शोधायचे आणि ते मागणीला जोडून पुढे पाठवायचे. उत्तर बाहेर जाताना सेशनमध्ये काही बदल झाला असेल तर तो साठवायचा आणि गरज असेल तरच कुकी लावायची. या शेवटच्या 'गरज असेल तरच' वर आम्ही बराच वेळ घालवला. वाचनालयाची ग्रंथसूची पाहायला येणारा माणूस लॉगिन करत नाही, त्याला कुकी देण्याचे काहीच कारण नाही. शोधयंत्रांचे बॉट तर मिळालेली कुकी सहसा परत आणत नाहीत, त्यामुळे प्रत्येक मागणीला नवे सेशन उघडले तर डेटाबेसमध्ये कोणाच्याच नसलेल्या ओळींचा ढीग साचतो. म्हणून सेशन हे मागितल्याशिवाय उघडायचे नाही, असा नियम केला. ॲप्लिकेशनने त्याला हात लावला तरच डेटाबेसकडे विचारणा होते, आणि त्यात काही लिहिले तरच नवी ओळ तयार होते. हात लागलेल्या प्रत्येक उत्तरावर 'हे उत्तर कुकीवर अवलंबून आहे' असे सांगणारा व्हॅरी हा हेडरही आपोआप लागतो, नाहीतर वाटेतल्या एखाद्या कॅशने, म्हणजे पानांच्या प्रती साठवणाऱ्या यंत्रणेने, एकाचे पान दुसऱ्याच्या हाती देण्याचा धोका राहतो.

खरी चर्चा झाली ती माहिती कोठे ठेवायची यावर. जिनिंगच्या फाटकावर कापसाची गाडी काट्यावर चढते तेव्हा शेतकऱ्याला पावती मिळते. ती पावती दोन प्रकारची असू शकते. एकीवर नुसता क्रमांक असतो, आणि वजन, भाव, नाव हे सगळे कचेरीतल्या वहीत त्या क्रमांकापुढे लिहिलेले असते. दुसरीवर वजन आणि भाव पावतीवरच असतो आणि खाली सही-शिक्का असतो. वही उघडण्याची गरजच नाही, शिक्का खरा असला की पावती खरी. वेबवरही हेच दोन मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गात सगळी माहिती कुकीतच ठेवतात आणि तिच्यावर सर्व्हरच्या गुप्त किल्लीने केलेली एचमॅक ही गणिती सही असते. एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. रुबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कने २००७ पासून हीच पद्धत मूळ पद्धत म्हणून स्वीकारली, पायथॉनच्या फ्लास्क या फ्रेमवर्कमध्येही तीच आहे. तिचे गुण खरे आहेत: साठवण लागत नाही, सफाई लागत नाही, आणि एकाच्या जागी दोन सर्व्हर लावले तरी दोघांना सही तपासता येते.

तरीही आम्ही वहीचा मार्ग धरला. कुकीत सुमारे चार हजार बाइट्सपलीकडे माहिती मावत नाही, आणि नुसत्या सहीने ती लपतही नाही, हे दोष होतेच. पण आमच्यासाठी निर्णायक ठरले ते लॉगआउट. सही केलेल्या कुकीच्या मार्गात लॉगआउट म्हणजे ब्राउझरला 'तुझ्याकडची कुकी टाकून दे' असे सांगणे, एवढेच. तिची प्रत आधीच कोणी काढून ठेवली असेल तर ती प्रत मुदत संपेपर्यंत चालत राहते, कारण सही खरीच असते आणि सर्व्हरकडे नकार द्यायला काही साधन नसते. रद्द केलेल्या कुकींची यादी ठेवता येते, किंवा सभासदाच्या ओळीत एक आवृत्ती-क्रमांक ठेवून तो दर वेळी ताडून पाहता येतो, पण मग प्रत्येक मागणीला डेटाबेस उघडावा लागतो आणि जे वाचवायला निघालो तेच खर्ची पडते. वहीच्या मार्गात ओळ पुसली की सेशन संपले, मग कुकीच्या कितीही प्रती कोणाकडे असोत.

लॉगआउटवर एवढा भर देण्याचे कारण आमच्या भागातल्या वापरात आहे. वेबविषयीच्या बऱ्याचशा लिखाणात असे गृहीत धरलेले असते की एक माणूस, त्याचे एक यंत्र, आणि त्या यंत्राला दुसरे कोणी हात लावत नाही. रावेर-यावलच्या गावांत घरात चांगला स्मार्टफोन बऱ्याचदा एकच असतो आणि तो मुलाकडे असतो. वडिलांचे बागेचे काम त्याच फोनवर, काकांचे पीक विम्याचे काम त्याच फोनवर, आणि बहिणीचा महाविद्यालयाचा प्रवेश अर्जही त्याच फोनवर. ज्यांच्याकडे तोही नाही ते गावातल्या सेवा केंद्रावर जातात, जिथे एकाच संगणकावर दिवसभर एकामागून एक माणसे बसत राहतात. अशा ठिकाणी ब्राउझर ही कोणाचीच ओळख नसते. सेशन तिथे माणसाशी जोडलेले नसते, खुर्चीशी जोडलेले असते; खुर्चीवरून उठताना ते खरोखर संपले पाहिजे.

सामायिक संगणकाच्या या एका गोष्टीने, पुस्तकात दूरची वाटणारी एक अडचण आमच्यासमोर फार जवळ आणली. सेशन आयडी, म्हणजे ब्राउझरकडची ती खूण, आधीच ठरवून ठेवण्याचा हल्ला २००२ मध्ये मित्या कोल्शेक यांनी सविस्तर मांडला होता. त्याचा गाभा असा, की हल्लेखोर तुमची खूण चोरत नाही, तर स्वतःला ठाऊक असलेली खूण आधी तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवतो आणि तुम्ही लॉगिन करण्याची वाट पाहतो. सेवा केंद्रात हे करायला कोणतीही विद्या लागत नाही. एखादा माणूस लॉगिनचे पान उघडतो, ब्राउझरमधली कुकी टिपून घेतो आणि उठून जातो. त्याच्यामागून बसलेली बाई लॉगिन करते. लॉगिननंतरही जुनाच सेशन आयडी चालू राहिला, तर टिपून नेलेली ती अक्षरे आता तिच्या नावाने दार उघडतात. उपाय एका वाक्यात सांगता येतो: लॉगिन होताक्षणी जुना आयडी रद्द करून नवा द्यावा. आम्ही हा उपाय माहितीपत्रकात लिहून सोडला नाही, फ्रेमवर्कच्या लॉगिन फंक्शनच्या आतच घातला, आणि ते फंक्शन टाळून सेशनमध्ये सभासद लिहिण्याची वाट ठेवली नाही. पासवर्ड बदलला किंवा अधिकार वाढले तरी हेच होते.

आयडी कसा तयार होतो याविषयी थोडक्यात सांगतो, कारण हे काम पायथॉनने सोपे केलेले आहे. २०१६ च्या अखेरीस आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून सीक्रेट्स नावाचे मोड्यूल भाषेतच आहे. त्याच्याकडून ३२ यादृच्छिक बाइट्स घेतले की ४३ अक्षरांची खूण मिळते, आणि ती अंदाजाने ओळखणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही. आम्ही ही खूण डेटाबेसमध्ये आहे तशी ठेवत नाही, तिचा हॅश, म्हणजे जिच्यावरून मूळ खूण काढता येत नाही अशी गणिती छाप, ठेवतो. गटाच्या डेटाबेसची प्रत कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवर फिरत असण्याची शक्यता गावात फार खरी आहे, आणि त्या प्रतीतून चालू सेशन कोणाला वापरता येऊ नये एवढाच त्यामागचा हेतू. सेशनमधली माहिती जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहितो. पायथॉनचे पिकल हे साठवणीचे स्वरूप अधिक सोयीचे दिसते, परंतु ते उघडताना त्यातून परका कोड चालवता येतो. जँगो या पायथॉनच्याच फ्रेमवर्कनेही २०१३ मध्ये याच कारणाने आपली मूळ पद्धत जेसनवर आणली.

कुकीला लागणाऱ्या तीन खुणांबद्दल फारसे लिहिण्याची गरज नाही, त्या नेहमी चालू असाव्यात. एचटीटीपी-ओन्ली असली की पानावरच्या जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही. सिक्युअर असली की ती फक्त सुरक्षित जोडणीवरून जाते; २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप हे फायरफॉक्सचे जोडसाधन दाखवून दिले, तेव्हा उघड्या वायफायवर शेजाऱ्याचे सेशन उचलणे किती सोपे आहे हे जगाला कळले, आणि मोठी संकेतस्थळे पूर्णपणे सुरक्षित जोडणीकडे वळण्यात त्या प्रात्यक्षिकाचा वाटा आहे. सेमसाइटमुळे दुसऱ्या संकेतस्थळावरून गुपचूप पाठवलेल्या अर्जासोबत कुकी जात नाही. क्रोमने २०२० पासून ती खूण नसलेल्या कुकींनाही मर्यादित स्वरूपात लागू केली. तरी अर्ज आमच्याच पानावरून आला हे ताडण्यासाठी त्यासोबत जाणारे गुप्त टोकन आम्ही काढून टाकलेले नाही, कारण गावातले फोन जुने असतात आणि त्यांतले ब्राउझर त्याहून जुने.

काही जणांनी सुचवले की सेशन आयपी पत्त्याशी, म्हणजे जोडणीला नेटवर मिळणाऱ्या क्रमांकाशी, बांधावे, म्हणजे चोरलेली कुकी दुसऱ्या ठिकाणाहून चालणार नाही. हे ऐकायला चांगले वाटते. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत रेंज येते आणि जाते, फोन वायफायवरून मोबाईल डेटावर आणि पुन्हा वायफायवर उड्या मारतो, चोपड्याहून जळगावला येणाऱ्या एसटीत बसलेल्या माणसाचा पत्ता वाटेत बदलू शकतो. आणि एकाच मोबाईल कंपनीचे असंख्य ग्राहक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावर दिसत असतात, त्यामुळे पत्ता जुळला म्हणून माणूस जुळला असेही नाही. म्हणजे या अटीचा त्रास प्रामाणिक माणसाला होतो आणि चोराला फारसा होत नाही. ती अट आम्ही घेतली नाही.

मग उरला मुदतीचा प्रश्न. माझ्या मते सेशनच्या सगळ्या रचनेत याहून अवघड काही नाही, कारण बाकी ठिकाणी योग्य उत्तर असते आणि इथे फक्त निवड असते. पीएचपी ही वेबसाठीची भाषा आपल्या मूळ मांडणीत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे हात न लागलेले सेशन सफाईला पात्र धरते. जँगो दोन आठवडे देते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेचे मार्गदर्शन मोलाच्या व्यवहारांसाठी २ ते ५ मिनिटांची आणि कमी धोक्याच्या कामांसाठी १५ ते ३० मिनिटांची स्वस्थतेची, म्हणजे हात न लागण्याची, मर्यादा सुचवते. हे आकडे एकमेकांपासून इतके दूर का आहेत, याचे कारण उघड आहे: प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरचा माणूस वेगळा आहे.

आमच्या डोळ्यांसमोर माणूस आला तो अमळनेर तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात. आमच्या ॲप्लिकेशनचा वापर कसा होईल हे पाहायला मी तिथे बसलो होतो, आणि शेजारच्या संगणकावर दुसऱ्याच एका प्रणालीत एक वयस्क शेतकरी केंद्रचालक ताईंकडून कापसाच्या पिकाचा अर्ज भरून घेत होते. अर्ज लांब होता. मधल्या एका रकान्यात गट क्रमांक हवा होता, आणि सातबारा घरी राहिला होता. त्यांनी घरी फोन लावला. घरच्यांनी पेटी उघडली, कागद शोधला, चष्मा शोधला, आकडे वाचले, मध्ये आवाज तुटला म्हणून पुन्हा वाचले. ताईंनी आकडे टाकले आणि पुढचे बटण दाबले, तेव्हा पडद्यावर सेशन संपल्याची सूचना आली आणि अर्ज कोरा झाला.

"आबा, वेळ संपली. सगळं परत भरावं लागेल," ताई म्हणाल्या.

आबांनी पडद्याकडे पाहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मी त आठेच बठेल व्हतू ना."

मी तर इथेच बसलो होतो, हे त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. सर्व्हरला माणूस दिसत नाही, त्याला फक्त मागण्या दिसतात, आणि दोन मागण्यांमधली शांतता म्हणजे माणूस उठून गेला की कागद शोधतो आहे हे त्याला कधीच कळू शकत नाही. मुदत लहान ठेवली तर कागद शोधणाऱ्यावर अन्याय होतो. मोठी ठेवली तर उठून गेलेल्याच्या जागी येऊन बसणाऱ्याला त्याचे दार उघडे मिळते. ज्या केंद्रात आबा बसले होते त्याच केंद्रात त्यांच्या मागे तीन माणसे उभी होती. त्यामुळे मुदतीचा एकच आकडा शोधत बसण्यात अर्थ नाही, हे तिथे मला पटले. सेशनमध्ये आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतो: माणसाला काही करण्याचा अधिकार आणि त्याने आतापर्यंत केलेले काम. अधिकार लवकर संपणे योग्य आहे. काम त्याच्यासोबत संपण्याचे काहीच कारण नाही.

फ्रेमवर्कमध्ये ही फारकत आणणे हे आम्ही केलेल्या कामातले सर्वांत समाधानाचे काम आहे. आमच्या सेशनला दोन मर्यादा आहेत, एक स्वस्थतेची आणि एक लॉगिनपासूनची एकूण. दोन्हींचा निर्णय सर्व्हर करतो. कुकीला आम्ही एरवी मुदत लिहीत नाही, ब्राउझर बंद होईपर्यंतची ठेवतो. स्वस्थतेची मर्यादा ओलांडली की सेशनचा अधिकार जातो, मात्र त्याची ओळ काही तास डेटाबेसमध्ये राहते. अशा वेळी भरलेला अर्ज येऊन धडकला, तर फ्रेमवर्क प्रथम अर्जातले टोकन त्या जुन्या ओळीशी ताडते, ते जुळले तर अर्जातली माहिती मसुदा म्हणून त्या सभासदाच्या नावाने बाजूला ठेवते आणि मग लॉगिनचे पान दाखवते. तोच सभासद परत आत आला की अर्ज जसा होता तसा समोर येतो: केळीची लागवड मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची, की कांदेबागेची, म्हणजे त्यानंतरची, खोडे किती, गट क्रमांक कोणता, सगळे जागेवर. दुसरे कोणी लॉगिन केले तर त्याला त्या मसुद्याचा मागमूसही दिसत नाही, आणि मूळ माणसाचा मसुदा त्याची वाट पाहत राहतो. पासवर्ड आणि बँक खात्याचे रकाने मसुद्यात कधीच जात नाहीत. ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने अर्जाची मांडणी करताना रकान्यावर तशी खूण करायची असते, आणि पासवर्डच्या रकान्यावर ती आपोआपच असते.

लॉगिनच्या पानावर 'मला लक्षात ठेवा' असा चौकोन सर्वत्र असतो. आम्ही त्याच्या जागी 'हा फोन किंवा संगणक फक्त मीच वापरतो' असे लिहिले आणि तो कोरा ठेवला. लक्षात ठेवा म्हटले की कोणीही हो म्हणतो, त्यात नाही म्हणण्यासारखे काही दिसत नाही. फोन फक्त तुम्हीच वापरता का, या प्रश्नावर माणूस क्षणभर थांबतो आणि खरे उत्तर देतो. चौकोन भरला तर मुदत दिवसांत मोजली जाते आणि कुकीही ब्राउझर बंद झाल्यावर टिकते, कोरा असेल तर मिनिटांत. बँक खाते बदलण्यासारख्या कामाला मात्र चौकोन भरलेला असला तरी पासवर्ड पुन्हा विचारला जातो.

एकाच वेळी आलेल्या दोन मागण्यांचा प्रश्न आम्ही वेगळ्या दिशेने सोडवला. दोन टॅब उघडे असतील तर दोघेही सेशन वाचतात, दोघेही आपापला बदल करून लिहितात, आणि ज्याने नंतर लिहिले त्याचेच टिकते. पीएचपीची फाइलवर चालणारी सेशन्स यासाठी फाइलला कुलूप लावतात, त्यामुळे गोंधळ होत नाही, परंतु एक संथ मागणी बाकी सगळ्यांना खोळंबून ठेवते. आम्ही सेशनमध्ये ठेवायचे तेच कमी केले. सभासद कोण, लॉगिन कधीचे, टोकन कोणते, आणि एकदाच दाखवायचे संदेश. याखेरीज काही ठेवायचे असेल तर त्यासाठी स्वतंत्र तक्ता करावा, असे फ्रेमवर्क आग्रहाने सांगते. लहान सेशन लवकर वाचले जाते आणि त्यात भांडण होण्यासारखे काही उरत नाही. मुदत संपलेल्या ओळींची सफाई रात्री एक छोटी आज्ञा करते. मात्र सेशन संपले की नाही याचा निकाल प्रत्येक वाचनाच्या वेळी घड्याळ पाहून लागतो, सफाई झाली की नाही यावर तो अवलंबून नाही. वीज गेल्यामुळे सर्व्हर रात्रभर बंद राहिला आणि सफाई हुकली, तरी संपलेले सेशन जिवंत होत नाही.

सभासदाला आपली सगळी चालू सेशन्स दिसावीत, असे एक पानही फ्रेमवर्कसोबत येते. कोणत्या प्रकारचा फोन, कोणता ब्राउझर, शेवटचा वापर कधी, आणि समोर 'इथून बाहेर काढा' असे बटण. हे पान वहीच्या मार्गामुळेच शक्य झाले, कारण त्या सभासदाच्या ओळी मोजायच्या आणि नको ती पुसायची, एवढेच त्यात आहे. केळीच्या गटातल्या बायकांनी याचा वापर सर्वांत आधी सुरू केला. लिलावाच्या धावपळीत दुसऱ्याच्या फोनवरून लॉगिन करून भाव पाहायचा आणि घरी आल्यावर ते सेशन बंद करून टाकायचे, ही रीत त्यांनी आपणच बसवली. आम्ही कोणाला तसे शिकवले नव्हते.

एक गोष्ट अजून बाकी आहे. एकाच फोनवर वडील आणि मुलगा दोघांचीही खाती असतात, आणि आज एकाने आत येण्यासाठी दुसऱ्याला बाहेर जावे लागते. दोघांची सेशन्स एकाच ब्राउझरमध्ये शेजारी शेजारी ठेवून, वरच्या कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवले की अदलाबदल व्हावी, अशी मागणी गटाकडून आली आहे. आयडी दोन ठेवणे कठीण नाही. कठीण आहे ते हे, की वडिलांच्या नावाने उघडलेला अर्ज मुलाच्या नावाने जमा होऊ नये, आणि अदलाबदल करताना पासवर्ड मागायचा की चार आकडी पिन पुरेसा धरायचा. अर्ज उघडतानाच त्यात सभासदाची खूण घालावी आणि जमा होताना ती चालू सेशनशी ताडावी, इथपर्यंत आमचे एकमत झाले आहे. पिनचा वाद मिटलेला नाही, आणि मृगबागेच्या नोंदी सुरू होण्याआधी तो मिटवून चाचणी घ्यावी लागेल.